शंभरात एक्केचाळीस

जांभ्याचा अख्खा चिरा माणसाला फेकता येत नाही. त्याचे वजन तीस किलोंच्या आसपास भरते. प्रा. दिनकर ओगले यांना लागलेले तुकडे दोन ते चार किलोंचे होते, अशी नोंद शवविच्छेदनाच्या अहवालात आहे. पोलिसांनी त्यांतले सतरा तुकडे जमा केले. सगळे एकाच भिंतीचे होते. उन्हाळवाडीच्या शाळेची ती भिंत आदल्या दिवशी भूकंपात पडली होती आणि तिच्याखाली नऊ मुले गेली होती. लोकांनी ते तुकडे टेम्पोत भरून चौदा किलोमीटर आणले. वाटेत दगडांना तोटा नव्हता. त्यांना त्याच भिंतीचे हवे होते.

पहिला तुकडा सुगंधा मांडवकरने मारला. ती शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. भिंत पडली तेव्हा ती मागच्या शेडमध्ये चुलीपाशी होती, म्हणून वाचली. तिची नात वर्गात होती. ओगले फाटकाशी येऊन हात जोडून काही बोलत होते; काय, ते नंतर कुणालाच सांगता आले नाही. तुकडा कानाच्या वर लागला. ते खाली बसले आणि चाचपडत चष्मा शोधू लागले. मग बाकीचे पुढे आले. चार मिनिटांत सगळे संपले. बाहेर पडताना ओगल्यांनी घराच्या दाराला बाहेरून कडी घातली होती, त्यामुळे त्यांच्या पत्नी निर्मला यांना जे दिसले ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले.

ओगल्यांचे नाव लोकांना फोनवर कळले होते.

*

सह्याद्रीच्या पायथ्याशी काळ्या बसाल्टचे थर आहेत. त्यांच्याखाली, या पट्ट्यात साधारण साडेतीन किलोमीटरवर, दोनशे अंशांहून अधिक तापलेला ग्रॅनाइट सापडला. एका विहिरीतून त्या खडकात दाबाने पाणी सोडायचे, भेगा रुंदावायच्या, तापलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून वर घ्यायचे आणि त्याच्या वाफेवर वीज करायची. धूर नाही, राख नाही. तेरा वर्षांत अशा अकरा विहिरी झाल्या आणि दक्षिण कोकणातली निम्मी वीज तिथून येऊ लागली.

अडचण होती ती प्रस्तरभंगांची. जमिनीखाली खडक जिथे पूर्वी मोडून सरकले, तिथे त्यांच्या दोन बाजू वरच्या वजनाने एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात. पाणी मधे शिरले की त्या वजनाचा थोडा भाग ते पेलून धरते आणि पकड सुटते. ओल्या ओट्यावर गरम पातेले ठेवले की ते आपसूक सरकते, तसेच. ताण शेकडो वर्षांचा असतो, पाणी निमित्त होते.

निमित्त कोणते, हे ओळखण्याची पद्धत डॉ. सुमेधा तळवणेकरने शोधली. प्रत्येक विहिरीत केसासारखी काचेची तार सोडायची आणि तिच्यातून प्रकाशाचे ठोके पाठवत राहायचे. तार कुठे किंचितही ताणली गेली तर परतणारा प्रकाश बदलतो. हजारो जागांचे हे बदल विहिरींतल्या दाबाच्या नोंदींशी ताडून पाहिले की नव्वद सेकंदांत उत्तर मिळते. यंत्रणेला सरकारने नाव दिले, 'साक्षी'.

साक्षीचे उत्तर म्हणजे शक्यता असे. विहीर सात, शंभरात अमुक. विहीर चार, शंभरात तमुक. पाण्याशिवाय, आपसूक, शंभरात इतके. पण नियम ठरवणाऱ्या समितीला फोनवर येणाऱ्या लाल पट्टीचा प्रश्न सोडवायचा होता. पट्टीवर एकच ओळ मावत होती. त्या ओळीत गाव, तीव्रता, सर्वाधिक शक्यतेची विहीर आणि त्या दिवशीच्या दाबाला मंजुरी देणाऱ्याचे नाव घालायचे ठरले. मंजुरी देणारा कंपनीचा माणूस नसावा, म्हणून ते काम विद्यापीठातल्या भू-ऊर्जेच्या ज्येष्ठ प्राध्यापकाकडे दिले गेले. आकडा गळला. समितीत सुमेधा तज्ज्ञ म्हणून बसली होती. आकडा ठेवायला हवा, असे ती एकदा म्हणाली. अध्यक्ष म्हणाले की लोकांना टक्के कळत नाहीत, उत्तर कळते. तिने आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगितला नाही.

कोयनेच्या भूकंपापासून या पट्ट्यातल्या माणसांना धक्के नवे नव्हते. नाव नवे होते.

*

ओगल्यांच्या जागेसाठी खारवली विद्यापीठाने तीनदा जाहिरात दिली. एकही अर्ज आला नाही. चौथ्या जाहिरातीत पात्रतेच्या खाली एक ओळ वाढवली होती: निवासस्थान पोलीस बंदोबस्तासह. तेव्हा नागपूरच्या एका प्राध्यापकांनी अर्ज केला. नियमाप्रमाणे अर्जदारांची यादी संकेतस्थळावर लागली आणि पाचव्या दिवशी दोघांनी त्यांच्या जिन्यातच त्यांचे दोन्ही गुडघे लोखंडी सळईने फोडले. माघारीचे पत्र त्यांनी रुग्णालयातून पाठवले, आणि ते नियमाप्रमाणे फाइलला लागले.

मग कुलगुरू डॉ. रघुवीर सामंत यांनी सुमेधाला हैदराबादला फोन केला. ते बराच वेळ हवेबद्दल, तिच्या शोधनिबंधांबद्दल बोलले आणि शेवटी म्हणाले की नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. तिने अर्जाची शेवटची तारीख विचारली. एकोणपन्नास वर्षांची, एकटी राहणारी बाई असे धाडस का करते, हे सामंतांना उमगले नाही. तिला संदेशाचा मजकूर बदलायचा होता. नियमाप्रमाणे तो अधिकार फक्त त्या खुर्चीवर बसणाऱ्याला होता.

मुलाखत अकराला होती. ती दहाला ओगल्यांच्या घरी गेली. विद्यापीठापासून दोन किलोमीटरवरच्या प्राध्यापक वसाहतीत निर्मलावहिनी अजून त्याच घरात राहत होत्या. फाटकाशी एक हवालदार खुर्ची टाकून बसलेला असे. सुमेधाने पीएच.डी.ची चार वर्षे ओगल्यांच्या हाताखाली आणि निम्मी जेवणे वहिनींच्या हातची काढली होती. वाटेत चौकात तिला मोर्चा जमताना दिसला. पद भरू नका, विहिरी बुजवा, असे फलक होते. पुढे बसलेल्या बायकांत सुगंधा मांडवकर होती. ती जामिनावर होती.

वहिनींनी चहा टाकला. तू वाळलीस, म्हणाल्या. हैदराबादेत काय फक्त भूकंपच खातेस का, असेही म्हणाल्या. मग समोर बसून त्यांनी सरळ विचारले, "तुझं यंत्र त्या दिवशी खोटं बोललं का गं?"

"खोटं नाही. अर्धं."

"म्हणजे?"

"शाळेच्या धक्क्याला सात नंबरची विहीर कारण असण्याची शक्यता शंभरात एक्केचाळीस होती. बाकीच्यांची त्याहून कमी, म्हणून तिचं नाव आलं. आकडा लोकांना दाखवायचा नाही असं ठरलं होतं. त्या बैठकीत मी होते."

गॅसवर चहा उतू गेला. वहिनींनी तो बंद केला आणि ओटा पुसला. दोनदा पुसला.

"म्हणजे शंभरातले एकोणसाठ," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ते त्या विहिरीमुळे नव्हतंच."

"हो."

"आणि हे सहा महिने तुला माहीत होतं."

वहिनींनी उरलेला चहा एकाच कपात गाळला आणि तिच्यापुढे ठेवला. चहा घे आणि जा, म्हणाल्या. पावणेअकरा वाजले होते.

*

मुलाखतीच्या दालनाच्या खिडक्यांना नव्याने जाळ्या बसवल्या होत्या. सामंत, बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ आणि कोपऱ्यात फायलींसह कुलसचिव वामन घाग. घाग विद्यापीठात तीस वर्षे होते. नियमावली त्यांना तोंडपाठ होती. एका तज्ज्ञाने सुमेधाला विचारले की दाब एकदम शून्यावर आणला तर काय होईल. त्यानेही धक्का बसू शकतो, पाणी पायरीपायरीने काढावे लागते, असे ती सांगत होती, तेवढ्यात टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरले.

खालून एक जड धपका आला आणि पाठोपाठ इमारत आडवी हलली. छताच्या चौकटी टेबलावर कोसळल्या. एकीच्या कडेने एका तज्ज्ञाचे कपाळ फाडले. सुमेधाने सवयीने घड्याळात पाहिले: अकरा वाजून पंचवीस मिनिटे, आठ सेकंद. हादरा सहा सेकंद टिकला. सगळे टेबलाखालून बाहेर आले तेव्हा खोलीतले पाचही फोन एकदम किंचाळले.

केंद्र उन्हाळवाडी. ४.७. विहीर ७. मंजुरी: प्रा. दिनकर ओगले.

कपाळ फाटलेल्या तज्ज्ञाचे रक्त फायलीवर ठिबकत होते आणि घाग ती फाइल बाजूला घ्यायचेही विसरले होते.

"घाग," सामंत म्हणाले, "हे काय आहे?"

घागांनी सांगितले ते थोडक्यात असे. यंत्रणेच्या नोंदीत पद रिकामे दाखवले असते तर नियमाप्रमाणे त्याच दिवशी अकराही विहिरी बंद कराव्या लागल्या असत्या. वरून तोंडी निरोप होता की वीज थांबता कामा नये. म्हणून ओगल्यांच्या सेवापुस्तकात मृत्यूची नोंद बाकी ठेवली होती. ओगल्यांची शेवटची मंजुरी रोज सकाळी साडेदहाला आपोआप पुढे सरकत होती. निवड झाली की मागच्या तारखेने नोंद करणार होतो, घाग म्हणाले. सहा महिन्यांत मोठा धक्का बसला नाही, त्यामुळे पट्टीवर नाव यायची वेळच आली नव्हती. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हात टेबलाची कड सोडत नव्हते.

उन्हाळवाडीत समाजमंदिराचा स्लॅब बसला होता. खाली माणसे होती, हे चौकातल्या मोर्च्याला मिनिटाभरात कळले. दुसऱ्या मिनिटाला पट्टी आली. मेलेल्या माणसाने आज सकाळी सही केली, याचा त्यांनी एकच अर्थ लावला.

सुमेधाच्या फोनवर वहिनींचा आवाज आला. मागे लोखंडावर दगड बसत होते. "हे लोक म्हणतायत की ह्यांच्या नावाने मी सही करते," वहिनी म्हणाल्या. "हवालदाराचं डोकं फुटलंय. मी त्याला घरात ओढून घेतलाय. दार किती टिकेल माहीत नाही." मग काच फुटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

सामंत पोलिसांना फोन लावत होते. उन्हाळवाडीकडे गेलेल्या गाड्या फिरायला अर्धा तास लागणार होता. पट्टीवरचे नाव नुसते काढून टाकायला मंत्रालयाची परवानगी लागत होती. ओगले यांनी सही केलेली नाही, असे दुसऱ्या शब्दांत सांगायला ओळीत जागा नव्हती. त्या जागी नाव येऊ शकत होते ते पदावरच्या प्राध्यापकाचेच.

सुमेधाने घागांकडे रुजू अहवालाचा कागद मागितला.

रुजू अहवालात तारखेपुढे दोन पर्याय असतात: मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हनंतर. बारापूर्वी रुजू झालेला माणूस नोंदीच्या दृष्टीने सकाळपासून पदावर असतो. विद्यापीठात तीस वर्षे काढलेल्या घागांना ती काय करते आहे हे लगेच कळले. ते म्हणाले, "मॅडम, नुसतं मध्यान्हपूर्व चालणार नाही. मंजुरी साडेदहाची आहे. वेळ त्याआधीची लागेल."

सुमेधाने आयुष्यात एकही वेळ चुकीची नोंदवली नव्हती. सेकंद माहीत नसेल तर ती सेकंदाची जागा मोकळी सोडत असे. तिने लिहिले: म. पू., दहा वाजून वीस मिनिटे. सामंतांनी तातडीच्या अधिकारात नेमणुकीवर सही केली. जखमी तज्ज्ञाने एका हाताने रुमाल धरून दुसऱ्याने सही केली. घागांनी नोंद चढवली. अकरा बावन्नला फोन पुन्हा किंचाळले.

दुरुस्ती. ४.७. विहीर ७. मंजुरी: प्रा. सुमेधा तळवणेकर.

*

ओगल्यांचे दार निम्मे तुटले होते. आत शिरलेल्या दोघांपैकी एकाने वहिनींचे केस धरले होते. त्याच्या खिशातला फोन वाजला, बाहेर शंभर फोन वाजले, आणि फाटकाशी कुणीतरी नवे नाव मोठ्याने वाचले. त्याने केस सोडले. वहिनी नंतर म्हणाल्या, तो सॉरी म्हणाला आणि धावत बाहेर गेला.

सामंतांनी सुमेधाला मागच्या फाटकाने काढायची तयारी केली होती. गाडी सुरू होती. ती गेली असती तर जमाव रिकामी इमारत जाळून कुठे परतला असता, याचा तिने विचार केला. वहिनींचे घर दोन किलोमीटरवर होते. ती पुढच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली.

ते धावत आले, त्यामुळे पहिले काही क्षण त्यांना श्वासच घेता येत नव्हता. विद्यापीठाच्या दोन सुरक्षारक्षकांना त्यांनी आधी खाली पाडले. एकाच्या पोटात लाथा बसत राहिल्या, तो हलायचा थांबला तरी. सुगंधा मांडवकर सगळ्यांत पुढे होती. मध्यम बांध्याची, पन्नाशीची, धापा टाकणारी. तिच्या हातात जांभ्याचा तुकडा होता. तीन किलोंचा असेल, सुमेधाच्या मनात आले.

सुगंधाने तिला खालपासून वरपर्यंत पाहिले. ती अशी समोर येऊन उभी असेल असे तिला वाटले नसावे.

"सही तुजी काय?"

"माझी."

"कंदी केलीस?"

"सकाळी. धक्क्याच्या आधी."

"आमची मानसा तुला ठाव होती काय गो?"

सुमेधा म्हणाली, "शाळेतल्या नऊ जणांची नावं मला पाठ आहेत. आजची अजून माहीत नाहीत."

सुगंधाचा हात खाली आला. अर्धा सेकंद वाटले की ती तुकडा टाकणार. मग तिच्या मागून दुसरा एक तुकडा आला आणि सुमेधाच्या डाव्या डोळ्यावर फुटला. आवाज तिला आतून ऐकू आला, नारळ फोडल्यासारखा. ती पायरीवर गुडघ्यांवर आली. डोके झाकायला वर नेलेल्या हातावर लोखंडी नळी बसली आणि मनगट उलट्या बाजूला वळले. पाठीवर, बरगड्यांवर, पुन्हा पाठीवर. तिने मोजायचा प्रयत्न केला. अकरापर्यंत मोजले.

पोलीस बाराला पोचणार होते; ते बारा वाजून नऊ मिनिटांनी आले. सुगंधा पायरीवर बसलेली सापडली. तुकडा तिच्या मांडीवर होता. तो वापरलेला नव्हता.

*

डोळा गेला. तीन बरगड्या आणि मनगट जुळणार होते. सुरक्षारक्षकांपैकी एक संध्याकाळी वारला, उन्हाळवाडीत पाच जण. तिसऱ्या दिवशी निरीक्षक जबाब घ्यायला आले तेव्हा निर्मलावहिनी खाटेशी बसल्या होत्या. त्यांच्या टाळूवर केस उपटल्याची लाल जागा होती.

निरीक्षकांनी कागद पाहून विचारले की मॅडम घटनेच्या दिवशी दहा वीसला रुजू झाल्या, हे बरोबर का. प्रश्न वहिनींकडे पाहूनच होता. ओगल्यांच्या फाटकावरच्या हवालदाराला दवाखान्यात काही आठवत नव्हते. मुलाखतीच्या दालनातल्या सगळ्यांनी तीच वेळ सांगितली होती. त्या वेळी सुमेधा कुठे होती हे सांगू शकणारे दुसरे कुणी उरले नव्हते.

वहिनींनी पदर नीट केला. "ती कागदावरची वेळ आहे ना," त्या म्हणाल्या. "तिने लिहिलेली वेळ कधी चुकत नाही. आमचे हे तिला त्यावरून चिडवायचे."

निरीक्षक लिहून घेऊन गेले. वहिनी खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "तो चहा तू अर्धाच प्यायलीस. कप अजून तिथंच आहे. मी धुतला नाही."

दुपारी घाग फाइल घेऊन आले. दारातच थांबले, आत यायला त्यांना बोलवावे लागले. सुमेधाने उजव्या हाताला प्लास्टर असल्याने तोंडी आदेश दिले. पहिला: प्रा. दिनकर ओगले यांच्या मृत्यूची नोंद खऱ्या तारखेने. दुसरा: चार ते नऊ क्रमांकाच्या विहिरींतला दाब चाळीस दिवसांत पायरीपायरीने उतरवावा, वीज कमी पडेल, तसे जाहीर करावे. घाग लिहीत गेले.

"परवाच्या धक्क्याचा आकडा काय होता?"

त्यांनी साक्षीची नोंद शोधली. "विहीर सात. शंभरात चौतीस. पाण्याशिवाय, आपसूक, शंभरात एकतीस. बाकी इतर विहिरी."

वहिनींनी मान वळवून तिच्या पट्टी बांधलेल्या डोळ्याकडे पाहिले.

"तिसरा आदेश," सुमेधा म्हणाली. "यापुढे प्रत्येक संदेशात शक्यता लिहायची. नावाबरोबर. आपसूकची पण. परवाचा आणि शाळेचा, दोन्ही संदेश दुरुस्त करून आज पुन्हा पाठवायचे."

घागांचे पेन थांबले. ते नियमाने वागणारे गृहस्थ होते आणि त्यांना खरेच अडचण दिसत होती. "मॅडम, पट्टीवर एकच ओळ मावते."

"दोन ओळी करा."